एक हजार त्रेचाळीस

तळघरातला हीटर स्वतःपुरताच तापतो.
बाहेर तार्तू शहर, गोठलेली एमायगी नदी,
आणि आइता पालुओया हातमोजे न काढता
सी-मध्ये अकरा ओळी लिहिते.

वाम्बोला सप्टेंबरात गेला.
दलदलीतल्या पाण्याची पातळी तो एकतीस वर्षं मोजत होता.
ऑफिसने फुलं पाठवली, मग चाव्या परत मागवल्या,
मग एका शुक्रवारी, चार वाजायच्या आत,
त्याचं खातं काढून टाकलं.
फायली राहिल्या. चाळीस हजार.
मालकाच्या रकान्यात नाव असायचं
तिथे नुसता आकडा, १०४३.

यंत्राला नाव कधी ठाऊकच नव्हतं.
पहिल्यापासून ते आकडाच ओळखत होतं;
नाव आपल्यासाठी,
दर वेळी यादीत शोधून आणलेलं,
पाहुण्यापुढे ठेवायच्या बशीसारखं.

म्हणून आइता रीतसर विचारते.
आधी एर्नो शून्य करते,
नाहीतर मागच्याच कुठल्या चुकीचं खापर
या उत्तरावर फुटतं.
मग गेटपीडब्ल्यूयूआयडी, कंसात आकडा.
उत्तर: नल.
एर्नो अजून शून्यच.
म्हणजे यादी सापडली, उघडली,
शेवटच्या ओळीपर्यंत वाचली गेली.
चूक काही नाही.
माणूस नाही, इतकंच.

प्रोग्राम ती पुसत नाही.
रोज सकाळी कॉफी उकळेपर्यंत एकदा चालवते.
नल. नल.
शेजारच्या बंद दाराची कडी
जाता जाता हलवून बघावी, तसं.

गुरुवारी छापून येतं: किर्के.

नवी मुलगी, व्होरूची, वीस वर्षांची,
कालच रुजू झालेली.
खातं उघडताना यंत्राने पहिला रिकामा आकडा उचलला,
खुंटी मोकळी दिसली की कोट अडकवतात तसा,
आणि एका रात्रीत
चाळीस हजार फायली तिच्या.
"हे माझं आहे म्हणतंय," किर्के दारात उभी,
"ब्याण्णव सालची पातळी. मी जन्मलेही नव्हते."

आइताच दर वर्षी पोरांना शिकवते:
हाती येतो तो माणूस नव्हे, पत्ता.
पत्ता एकाच पाटीचा.
पुढचं नाव विचारलंत
की पाटी पुसून तिच्यावरच लिहितात,
मागचं हवं असेल तर आधी उतरवून घ्या.
शिकवते खरं.
स्वतः काय उतरवून घेतलं होतं?
खिडकीत टोमॅटोची रोपं लावायचा, एवढं.
बोलताना कुठला डोळा बारीक करायचा,
ते आता दोन्ही वाटतात.

नियमाने आकडा आजच बदलायला हवा.
पण किर्के एक फाईल उघडून बसली आहे.
"बर्फ. काठी मोडली. आज बुटाने मोजलं.
बूट सव्वीस सेंटिमीटर."
ती हसते,
मग स्वतःचा पाय वर करून बघते.

संध्याकाळी आइता किर्केची ओळ उघडते.
सात रकाने, आणि मध्ये मध्ये दोन टिंबं,
दुःख लिहिताना आपण मध्ये देतो तशी.
नाव. मग एक एक्स, कारण पासवर्ड इथे राहत नाही,
कधीचा दुसऱ्या, कुलूपबंद फायलीत गेला.
आकडा. गट.
पाचवा रकाना यंत्र वाचत नाही.
तिथे पूर्ण नाव, खोलीचा नंबर, काहीही चालतं,
फक्त ती दोन टिंबं सोडून,
ती पडली की ओळच फुटते.

किर्केच्या नावापुढे आइता लिहिते
आधी वाम्बोला, बूट सव्वीस
आणि टिंबांवरचं बोट उचलते.

वर जिन्यात किर्के कुणाला तरी विचारते आहे,
दलदलीकडे पहिली बस किती वाजता,
आणि काठी नवी मिळेल का.